जिमखाना फी घेतलीत, संघ कुठाय?

ॲडमिशनची पावती काढून बघा. कागद हरवला असेल तर फोनच्या गॅलरीत कुठेतरी फोटो असेलच. ट्यूशन फी, ग्रंथालय, ओळखपत्र, परीक्षा शुल्क अशा ओळींच्या मधोमध एक ओळ सापडेल: जिमखाना, नाहीतर क्रीडा शुल्क. आकडा लहान असतो, म्हणून त्यावर कोणाची नजर थांबत नाही. पण तो भरून तुम्ही काहीतरी विकत घेतलेलं असतं. एक मैदान, एक शिकवणारा माणूस, एक बॉल, संध्याकाळचे दोन तास आणि पाठीवर कॉलेजचं नाव असलेला एक टी-शर्ट. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांनी एकमेकांना विचारून बघावं, यातलं काय काय पदरात पडलं?

बहुतेकांना पावती मिळाली. बस्स.

कॉलेजचा संघ ही गोष्ट मराठवाड्यात, आणि खरं तर महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, संपत आली आहे. कागदावर संघ आहेत. स्पर्धांची वेळापत्रकं निघतात, चषकांसोबत फोटो छापून येतात. पण रोज संध्याकाळी एकत्र घाम गाळणारा, हरल्यावर आठवडाभर तोंड लपवणारा, ज्याचा सामना बघायला अख्खं कॉलेज तास बुडवून जायचं तो संघ आता दिसत नाही. माझं म्हणणं असं की तो वय होऊन मेला नाही. त्याच्या मरण्यात संस्थाचालकांची सोय होती, सरकारची होती, क्लासवाल्यांची होती आणि पालकांचीही होती. किंमत मात्र मोजतेय पालम, सोनपेठ, गंगाखेडकडची ती मुलगी, जिचं नाव कुठल्याच गुणवत्ता यादीत नाही.

तिकडे निदान सुतक तरी पाळतात

अमेरिकेत नेब्रास्का नावाचं शेतीवाडीचं राज्य आहे. मका, सोयाबीन, गुरं. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. (हे त्यांचं फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचं.) त्यानंतर एकदाही नाही. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तरी लिंकन शहरातलं त्यांचं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला हाउसफुल्ल आहे. संघ का घसरला यावर तिथे पुस्तकं निघतात, प्रशिक्षक हाकलले जातात, सलूनमध्ये भांडणं होतात.

दुसरं उदाहरण शिकागो विद्यापीठाचं. एकेकाळी दादा संघ. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला हाइजमन ट्रॉफी मिळते, त्या ट्रॉफीचा १९३५ मधला पहिलावहिला मानकरी शिकागोचा. पण १९३९ साली विद्यापीठाने संघच बंद केला. अध्यक्षांचं मत होतं की या खेळाच्या नादात विद्यापीठाचं मूळ काम बाजूला पडतं. निर्णय चूक की बरोबर यावर वाद घाला, पण तो चारचौघांत सांगून, कारण देऊन घेतला होता. पुढे त्याच स्टेडियमच्या प्रेक्षक-पायऱ्यांखालच्या कोर्टात १९४२ च्या डिसेंबरात जगातली पहिली मानवनिर्मित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली. मैदानाच्या बदल्यात निदान काहीतरी झालं! आपल्याकडे मैदानाच्या बदल्यात डी.फार्मसीची इमारत होते आणि तिच्या कोनशिलेवर कुठलं मैदान गिळलं ते लिहिलेलं नसतं.

अमेरिकेसारखं करा असं मी म्हणत नाही. तिथे कॉलेजचा खेळ हा कोट्यवधी डॉलरचा धंदा आहे. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू जाहिराती करून पैसे कमावतात, आणि जास्त देणारं विद्यापीठ दिसलं की तिकडे जातात. तो रोग आपल्याला नको. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी: संघ घसरला तर गावाला लाज वाटते. आपल्याकडे संघ गेला आणि कोणी साधं विचारलंही नाही.

बारावा खेळाडू

आपल्याकडे गमावण्यासारखं काही होतं का, असं कोणी विचारेल. होतं. आणि ते केवढं होतं हे कळायला मुंबई विद्यापीठाकडे बघावं लागेल.

१९३५-३६ साली विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. पुढची अनेक दशकं भारतीय क्रिकेटची भरती या दारातून झाली. अजित वाडेकरांचं उदाहरण घ्या. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकणारा, वडिलांच्या मनात त्याने इंजिनिअर व्हावं. ओळखीतला सीनियर बाळू गुप्ते एक दिवस म्हणाला, आमच्या संघात बारावा खेळाडू म्हणून येतोस का? हा गेला. पाणी द्यायला गेलेला तो पोरगा १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार होता.

दिलीप सरदेसाई त्याहून बोलका दाखला. मडगावचा मुलगा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथे क्रिकेटची काही व्यवस्था नव्हती. सतराव्या वर्षी मुंबईत आला. इथे ना काका निवड समितीत, ना मामा क्लबात. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. लगेच पुढच्या मोसमात पुण्यात पाकिस्तानच्या दौऱ्यावरच्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांकडून खेळला आणि ८७ धावा केल्या. कसोटी संघ दौऱ्यावर आला की विद्यार्थ्यांच्या संघाशी सामना खेळायचा, असा तो काळ होता. कॉलेजात आल्यापासून मोजक्या वर्षांत एक अनोळखी पोरगा देशाच्या निवड समितीसमोर उभा राहिला आणि मध्ये कोणालाही फी द्यावी लागली नाही. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात या सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या आणि सेंट झेवियर्समधून नुकत्याच बाहेर पडलेल्या सुनील गावसकरांनी ७७४. पुढे वेंगसरकर आणि शास्त्री पोदार कॉलेजातून आले.

आता मुंबईच्या कॉलेज क्रिकेटकडे निवड समिती ढुंकून बघत नाही. वयोगटाच्या स्पर्धा आल्या, खासगी अकॅडमी आल्या, २००८ पासून आयपीएल आली. गुणी पोरगा पंधराव्या वर्षीच उचलला जातो. कॉलेज त्याच्यासाठी परीक्षेचा नंबर देणारं ऑफिस झालं. क्रिकेटकडे पैसा होता, म्हणून तिथे कॉलेजची जागा दुसऱ्या शिडीने घेतली. कबड्डी, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, कुस्ती यांना मराठवाड्यात दुसरी शिडी कोण देणार होतं?

काचीगुड्याचे मास्तर

परभणीचं म्हणाल तर आपला वारसा मुंबईचा नाहीच, तो हैदराबादचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात. आपल्याकडचा जो कोणी मोठ्या शिक्षणाला बाहेर पडायचा त्याची नजर आधी उस्मानिया विद्यापीठाकडे जायची. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ साली, नांदेडचं विद्यापीठ त्यानंतर थेट १९९४ मध्ये.

त्या उस्मानियाच्या फुटबॉल संघात एक पोरगा खेळायचा, सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ सिनेमात अजय देवगणने ज्यांची भूमिका केली, तेच हे. शिकून झाल्यावर शाळामास्तर झाले. परभणीहून नांदेडमार्गे जी रेल्वेलाईन जाते ती ज्या काचीगुड्याला पोहोचते, तिथल्या शाळेतही त्यांनी शिकवलं. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण जिंकला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. त्यानंतर भारतीय फुटबॉलने ती उंची पुन्हा गाठली नाही आणि हैदराबादचा दबदबाही ओसरत गेला.

ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी की संघ कशाने उभा राहतो ते त्यात उघड दिसतं. स्टेडियमने नाही, बुटांनी नाही. रोज ठरलेल्या वेळी मैदानावर हजर राहणाऱ्या, पोरांची नावं पाठ असलेल्या एका पगारी मास्तराने संघ उभा राहतो. मास्तर गेला की संघ जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोबाईलवर खापर

कुठल्याही बक्षीस समारंभाला जा. प्रमुख पाहुणे माईक हातात घेतात आणि म्हणतात, आजची पिढी मैदान विसरली, मोबाईलला चिकटली. टाळ्या पडतात. पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन गाडीत बसतात आणि गाडीत बसल्यावर आधी स्वतःचा मोबाईल काढतात.

साहेब, एकदा पहाटे साडेचारला उठा आणि परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही गावाच्या बाहेर रस्त्यावर या. अंधारात पोरं पळताना दिसतील. पोरीही दिसतील. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. हातात स्टॉपवॉच नसतं, मोबाईलच असतो. तुम्ही ज्याला शिव्या देता त्याच्यावर ती वेळ मोजत असतात. बाजूने ट्रक जातात, कुत्री मागे लागतात. कितीतरी जण यासाठी खासगी भरती अकॅडमीला बापाच्या सोयाबीनचे पैसे मोजतात.

जी पिढी अंधारात फुकट पळते तिला आळशी म्हणायला जीभ धजावते कशी? ही पोरं कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पटावर आहेत. त्यांनी जिमखाना फी भरलेली आहे. त्यांना पळायला ट्रॅक, सांगायला शिक्षक आणि दुखापत झाली तर बघायला कोणी, हे देणं कॉलेजचं काम होतं. कॉलेजने फी घेतली आणि पोरांना हायवेवर सोडलं.

मग मारलं कोणी?

पहिला घाव अकरावी-बारावीवर पडला. सोळा ते अठरा हे शरीर घडायचं वय. ते आपण पूर्णपणे नीटच्या हवाली केलं. लातूर पॅटर्नची कीर्ती झाली, मग नांदेडच्या क्लासची झाली. परभणीतला ज्याला परवडतं तो पोरगा तिकडे कॉट बेसिसवर राहतो. त्याचं नाव मात्र गावाकडच्या कुठल्यातरी कनिष्ठ महाविद्यालयात असतं. तिथे तो प्रॅक्टिकल परीक्षेला उगवतो. हे साटंलोटं इतकं उघड होतं की २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. ज्या कॉलेजात पोरगं राहतच नाही, त्या कॉलेजचा संघ कुठून येणार? संघाच्या आधी वर्ग मेला होता. रिकाम्या वर्गाच्या कॉलेजात भरलेलं मैदान असू शकत नाही.

दुसरा घाव मास्तरवर पडला. वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतो, आपण त्याला फिजिकल डायरेक्टर किंवा नुसतंच पी.डी. सर म्हणतो. जुने पी.डी. सर निवृत्त होतात आणि त्यांची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहते. मग मराठीच्या नाहीतर वाणिज्यच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. तो स्वतःच सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबावर जगणारा. तास झाला की दुसऱ्या कॉलेजची बस धरायची असते. तो संध्याकाळी मैदानावर फक्की मारत बसेल अशी अपेक्षा ठेवणारा माणूस निर्दयी आहे. मास्तर गेला की संघ जातो, हे मघाशी म्हटलं ते इथे लागू पडतं.

तिसरा घाव प्रमाणपत्राचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हेतू उत्तम. खेळलेल्या पोराला पोट भरायची सोय. पण त्याने बाजार असा उलटा फिरला की खेळापेक्षा कागद महाग झाला. ज्या खेळात स्पर्धक कमी, संघटना ओळखीची आणि पदक सोपं, तिकडे गर्दी झाली. मराठवाड्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं तेव्हा अनेकांनी ट्रॅम्पोलिन हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्या उड्या कोणी कुठे मारल्या ते कोणालाच दिसलं नव्हतं. यात खरा मार बसला तो खऱ्या खेळाडूला. पाच वर्षं मातीत लोळून, गुडघे फोडून घेऊन विद्यापीठाचा कलर मिळवलेला कबड्डीपटू आता प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा टेबलापलीकडचा बाबू संशयाने बघतो.

चौथा घाव फाइलीचा. नॅकची समिती येणार असली की विद्यार्थ्यांनी खेळात काय मिळवलं त्याची माहिती लागते. मग आठ दिवसांत संघ गोळा होतो. गावातला जो कोणी बरा खेळतो त्याला शोधायचं, बी.ए. प्रथम वर्षाला नाव टाकायचं, टी-शर्ट घालायचा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायचं, फोटो काढायचा. पहिल्याच फेरीत हरून आला तरी चालतं, सहभाग मोजला जातो. असा संघ म्हणजे लग्नाच्या वरातीतला भाड्याचा घोडा. वरात संपली की मालकाकडे परत.

आणि पाचवी गोष्ट, जी आपण बघायलाच तयार नाही: सरकारी विद्यापीठं मैदान सोडत असताना खासगी विद्यापीठांनी ते उचललं. विद्यापीठीय खेळातला देशातला सर्वोच्च मान म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने तो वीसहून जास्त वेळा जिंकलाय. २०२४ चा मान मात्र चंदीगड युनिव्हर्सिटीला गेला. नाव सरकारी वाटतं, पण हे २०१२ साली सुरू झालेलं खासगी विद्यापीठ आहे. दुसरी आली लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी, तीही खासगीच. अमृतसर तिसरं. ही विद्यापीठं देशभरातून तयार खेळाडू हेरतात, फी माफ करतात, हॉस्टेल देतात. त्यांना दोष का द्यायचा? त्यांना कळलं की खेळ ही जाहिरात आहे. आपल्या विद्यापीठांना तो खेळ आहे एवढंसुद्धा कळेना.

‘अकॅडमी आहेत की!’

यावर ठरलेला प्रतिवाद येतो. कॉलेज संघ गेला तर गेला. प्रो कबड्डी आहे, खेलो इंडिया आहे, अकॅडमी आहेत. गुणी पोरगा वर येतोच.

येतो ना. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आला. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहिला, तिथून पुढे सैन्याच्याच क्रॉस-कंट्रीत पळताना हेरला गेला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. आपल्या परभणीची ज्योती गवते २०१७ ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये पहिली आली, २०१९ ला सुधा सिंगच्या मागोमाग दुसरी. बीडचा सचिन धस २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा ठोकून आला. मराठवाड्याच्या मातीत दम नाही असं कोण म्हणेल? पण साबळेकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. एवढा मोठा धावपटू बारावीपर्यंत आपल्यातच होता आणि त्याचे पाय ओळखायला सैन्य लागलं. जे सैन्यात गेले नाहीत, असे किती साबळे आज ऊस तोडतायत?

खो-खो बघा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या मराठवाड्यातल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. धाराशिवमध्ये सोनं पिकतं आणि परभणीत नाही, असं आहे का? फरक एवढाच की जिथे खो-खो टिकला तिथे संध्याकाळी खांब रोवलेले असतात आणि शेजारी शिट्टी घेतलेला माणूस उभा असतो.

पण अकॅडमीवाल्यांना खरं उत्तर वेगळं आहे. अकॅडमी जिंकणाऱ्याला शोधते. तिला शंभरातला एक हवा असतो आणि उरलेल्या नव्व्याण्णवांशी तिचा संबंध फीपुरता. कॉलेजच्या संघाचं काम त्या नव्व्याण्णवांसाठी होतं. बारा जणांच्या कबड्डी संघात दोघे विद्यापीठापर्यंत जायचे, एखादा राज्यापर्यंत. बाकीचे नऊ तलाठी झाले, शिक्षक झाले, किराणा दुकानदार झाले, शेती करू लागले. पण तीन वर्षं त्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी लावली होती. साखळी लावताना शेजाऱ्याचं आडनाव विचारून चालत नाही, कारण चढाई करणारा समोर असतो आणि हात सुटला की गुण जातो. या जिल्ह्याला अशा हात धरलेल्या माणसांची किती गरज आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि मुली. इथे जरा थांबा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यानुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपण दुपटीच्याही पुढे. कारणं आपल्याला माहीत आहेत: ऊसतोडीचं स्थलांतर, दुष्काळ, हुंड्याचा हिशेब, ‘जमाना खराब आहे’.

या मुलीला गावात संध्याकाळी घराबाहेर असण्याचं एकही मान्य कारण नसतं. फिरायला जाता येत नाही, मैत्रिणीकडे जाता येत नाही. अकॅडमीची फी तिच्यासाठी कोणी भरत नाही, भरलीच तर भावासाठी. तिला एकच कारण चालायचं: ‘कॉलेजची प्रॅक्टिस आहे.’ कॉलेज या शब्दाला घरात वजन होतं. सर घरी येऊन सांगायचे, ‘दादा, पोरगी चांगली खेळती, नांदेडला तीन दिवस स्पर्धा आहे, सोबत मॅडम आहेत, माझी जबाबदारी.’ आणि बाप हो म्हणायचा. ते तीन दिवस म्हणजे तिच्यासाठी कुणाच्या लग्नाला न जाता केलेला पहिला प्रवास. टीए-डीएचे पैसे म्हणजे स्वतःच्या पायांवर मिळवलेले पहिले पैसे.

एक व्हॉलीबॉलचा संघ बालविवाह थांबवेल असा भाबडा दावा मी करत नाही. पण जिची पुढच्या महिन्यात मॅच आहे, जिच्या न येण्याने संघ अडतो आणि ती आली नाही तर चौकशी करायला कोणी दारात येतं, त्या मुलीचं लग्न गुपचूप उरकणं जरा अवघड असतं. संघाने तिला निदान एक साक्षीदार दिला होता. आपण तो साक्षीदार काढून घेतला आणि त्या जागी भिंतीवर ‘बेटी बचाओ’ रंगवलं.

दहा रुपयांत काय होतं

आता करायचं काय? मोर्चा नको, निवेदन देऊन फोटो काढणं तर अजिबात नको. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणा.

अनुदानित महाविद्यालय सरकारी पैशावर चालतं, म्हणून माहितीचा अधिकार तिथे लागू होतो. एक साधा कागद घ्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, तेवढं पाळा. त्यात पाच गोष्टी मागा. गेल्या पाच वर्षांत क्रीडा अथवा जिमखाना शुल्क म्हणून दरवर्षी किती रक्कम जमा झाली. ती कशावर खर्च झाली, नोंदवहीच्या प्रतींसह. शारीरिक शिक्षण संचालकाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, रिकामं असेल तर कधीपासून. कुठल्या खेळाचे मुलींचे आणि मुलांचे संघ कुठल्या स्पर्धेला पाठवले. आणि मैदान किती, त्यावर नंतर कुठलं बांधकाम झालं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आलं नाही तर पहिलं अपील करा. तुमचं कॉलेज विनाअनुदानित असेल तर त्याने विद्यापीठाला कळवलेली माहिती विद्यापीठाकडून मागा.

एकट्याने करायची भीती वाटत असेल तर चौघांनी चार कॉलेजांत करा, म्हणजे तोंड बघून कोणाला बाजूला घेता येणार नाही. उत्तरं आली की ती एकत्र लावा. सेलूचं एवढं, जिंतूरचं एवढं, पूर्ण्याचं एवढं, मानवतचं एवढं. रील करायची तर याची करा. परभणीतल्या कॉलेजांची क्रीडा शुल्काची ताळेबंद यादी आजवर कोणी जाहीर लावलेली मी पाहिली नाही.

मग मागण्या करा, आणि त्या लहान ठेवा. स्टेडियम मागू नका. स्टेडियम म्हटलं की कंत्राटदार खूश होतो आणि दहा वर्षं पत्र्याचं कुंपण उभं राहतं. मागा एवढंच: पी.डी. सरांचं पद भरा. संध्याकाळी पाच ते सात मैदानाचं गेट उघडं ठेवा. मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या मॅडमना प्रवासभत्ता वेळेवर द्या. आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हायवेवरून आत घ्या, आत धावपट्टी आखा. फक्कीच्या गोणीला फार पैसे लागत नाहीत.

पालकांनाही एक सांगायचंय. नीटला बसलेल्या प्रत्येकाला एमबीबीएस मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे दोन वर्षांनी ना गुण असतात, ना मित्र, ना शरीर. दिवसाचा एक तास मैदानाला दिल्याने कोणाचं मेडिकल गेल्याचं ऐकलं नाही. तो तास न दिल्याने काय काय जातं, ते आता घराघरात दिसू लागलंय.

मुंबईला क्रिकेटची दुसरी शिडी मिळाली. अमृतसर तिसऱ्या नंबरावर आलं तर तिथे चर्चा होते. आपण तर यादीतच नाही आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही, हे हरण्यापेक्षा वाईट आहे. हरलेला संघ पुढच्या वर्षी परत येतो. आपला संघ हरलेला नाही, त्याला मैदानावर येऊच दिलेलं नाही. आणि त्याची फी आपण दरवर्षी, न चुकता, जूनमध्ये भरतोय.